दवे समितीची वही आणि कुणब्याचे म्हातारपण



सरकारी नोकर ठरलेल्या तारखेला निवृत्त होतो. शेतकऱ्याला तशी तारीख नसते. त्याचे गुडघे बोलू लागतात, नजर कमी होते, बैलजोडी विकली जाते आणि एक दिवस औत पोराच्या हातात जाते. पोराच्या हातात जे जाते ते बहुधा औत आणि सोसायटीची थकबाकी असे दोन्ही असते. म्हातारा ओसरीवर बसतो. औषधाला पैसे मागताना त्याची मान खाली जाते. चाळीस-पन्नास वर्षे ज्याने ज्वारी आणि कापूस पिकवला, त्याच्या म्हातारपणाचा हिशेब या देशात कोणी मांडला आहे काय?

मांडला आहे. एकदा, बऱ्यापैकी प्रामाणिकपणे मांडला गेला होता. तो मांडणारा माणूस मुंबईतला बडा अधिकारी होता आणि त्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नाही. साहेब लोकांची चरित्रे छापण्याची आपल्या पत्रकाची रीत नाही. तरीही कळवणच्या बैठकीसाठी या वेळी डॉ. सुरेंद्र दवे यांच्या कारकिर्दीवर लिहीत आहोत. कारण त्यांनी ज्या पाटीवर गणित मांडले ती पाटी आपली होती, आणि उत्तर मात्र दुसऱ्याच घरी गेले.

साहेबांची कारकीर्द

दवे हे पैशाच्या व्यवहारातले जाणकार. औद्योगिक विकास बँकेत, म्हणजे आयडीबीआयमध्ये, वरच्या पदावर त्यांनी काम केले. १२ एप्रिल १९८८ रोजी शेअर बाजारावर नजर ठेवण्यासाठी सरकारने सेबी नावाचे मंडळ स्थापन केले आणि त्याचे पहिले अध्यक्ष दवे झाले. मंडळ होते, कचेरी होती, पण हातात कायद्याची काठी नव्हती. ती काठी सेबीला मिळाली १९९२ मध्ये, हर्षद मेहताचा घोटाळा उघडकीस येण्याच्या थोडेच आधी. तोवर दवे तिथून गेलेले होते. आधी मंडळ आणि कायदा मागून, ही सरकारची चाल आपल्याला नवी नाही.

१९९० ते १९९६ या काळात ते युनिट ट्रस्टचे अध्यक्ष होते. १९६४ मध्ये निघालेल्या या संस्थेच्या 'युनिट ६४' योजनेत नोकरदार मध्यमवर्गाने आयुष्याची पुंजी ठेवली होती. निवृत्त झालेला मास्तर किंवा बँकेतला हेडकारकून फंडाचे पैसे आले की युनिटे घेई. म्हणजे दवे हे त्या सहा वर्षांत देशातल्या लाखो निवृत्तांच्या पैशांचे राखणदार होते.

त्यांच्यानंतर काही वर्षांनी काय झाले तेही सांगितले पाहिजे. जुलै २००१ मध्ये 'युनिट ६४'ची खरेदी-विक्री एकाएकी बंद झाली. वर्तमानपत्रांची पाने भरली, संसद गाजली. २००२ मध्ये युनिट ट्रस्टची दोन भागांत फाळणी झाली आणि गुंतवणूकदारांना दिलेल्या भावाच्या हमीचा भार सरकारने उचलला. मध्यमवर्गाची पुंजी बुडू दिली नाही, हे चांगलेच झाले. आम्ही एवढेच विचारतो की कापसाचा भाव पडून आमची पुंजी बुडते, तेव्हा असे एकाएकी अधिवेशन का गाजत नाही?

'ओअॅसिस'चा अहवाल

१९९८ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने दवे यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ समिती नेमली. तिच्या कामाला नाव दिले 'ओअॅसिस', म्हणजे वाळवंटातली हिरवळ. समितीचा अंतिम अहवाल जानेवारी २००० मध्ये आला. प्रश्न असा होता की ज्यांना सरकारची पेन्शन नाही आणि कारखान्याचा फंड नाही, त्यांच्या म्हातारपणाचे काय?

समितीने जे मांडले त्यात तीन गोष्टी रोखठोक खऱ्या होत्या. पहिली, या देशात कमावत्या दहा माणसांपैकी जेमतेम एकाला पेन्शन किंवा फंडाचा आधार आहे, उरलेल्या नऊंना काही नाही. त्या नऊंत सर्वात मोठी संख्या शेतकरी आणि शेतमजुरांची. दुसरी, माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगत आहेत आणि एकत्र कुटुंबे फुटत आहेत, तेव्हा 'पोरगा सांभाळील' या भरवशावर पुढची पन्नास वर्षे निघणार नाहीत. तिसरी, सगळ्या म्हाताऱ्यांना खिरापत वाटण्याइतका पैसा सरकारकडे नाही, म्हणून माणसाला तरुणपणीच बचतीची सोय करून दिली पाहिजे.

त्यासाठी समितीने सुचवलेली व्यवस्था साधी होती. प्रत्येक माणसाचे स्वतःचे एक खाते, त्याला जन्मभर एकच नंबर. माणूस कळवणहून सुरतेला गेला किंवा ऊसतोडीला गेला, तरी खाते त्याच्याबरोबर. पैसे भरण्यासाठी पोस्ट किंवा बँक. जमलेला पैसा मोजक्या, तपासणीखाली असलेल्या संस्थांनी गुंतवायचा आणि साठीनंतर महिन्याच्या महिन्याला पेन्शन. दिवसाला तीन ते पाच रुपये जन्मभर बाजूला टाकले, तरी म्हातारपणी दारिद्र्यरेषेखाली जाण्याची पाळी येणार नाही, असे समितीचे गणित होते.

एका बड्या अधिकाऱ्याने पेन्शन नसलेल्या माणसाचा असा विचार केला, याबद्दल दवे यांचे ऋण मानले पाहिजे. दिल्ली-मुंबईच्या समित्यांत 'असंघटित' हा शब्द पुष्कळदा येतो, पण त्या माणसाच्या हातात खातेपुस्तक द्यावे असे फार थोड्यांना सुचते.

गणित कुठे चुकले

दिवसाला पाच रुपये म्हणजे महिन्याला दीडशे, वर्षाला १८२५ रुपये. पगारदाराला हे सोपे आहे, कारण एक तारखेला पगार येतो आणि हातात पडण्यापूर्वीच फंड कापला जातो. कोरडवाहू कुणब्याला रोज पैसा दिसत नाही. त्याला पैसा दिसतो कापूस विकल्यावर, ज्वारी निघाल्यावर, वर्षातून एकदा किंवा दोनदा. तो घरी येईपर्यंत सोसायटी, कृषी सेवा केंद्र, दुकानदार आणि लग्नाची उसनवारी दारात उभी असते. पाऊस ओढ देतो त्या वर्षी तर पैसा दिसतच नाही.

बचत करायची तर खर्च वजा जाता काहीतरी उरले पाहिजे. दवे समितीने खाते कसे असावे ते सांगितले. खात्यात टाकायचे पाच रुपये कुणब्याच्या हातात उरत का नाहीत, या प्रश्नाला तिने हात घातला नाही. तो तिचा विषयही नव्हता. तो आपला विषय आहे. शरद जोशी हे स्वतः टपाल खात्यातले अधिकारी. पुढे स्वित्झर्लंडमधल्या जागतिक टपाल संघाच्या कचेरीतली नोकरी सोडून ते आले आणि १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कसू लागले. शेतीत काही उरत नाही, आणि उरू नये असेच सरकारी धोरण आहे, हे त्यांना त्या जमिनीच्या जमाखर्चाने शिकवले.

आपल्या कापूस उत्पादकांनी तर कपातही सोसली आहे. १९७२ पासून जवळजवळ तीन दशके महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. राज्याबाहेर कापूस न्यायला बंदी, ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि पैसे हप्त्याहप्त्याने. त्यात भांडवल उभारणी निधी आणि भाव चढउतार निधी अशा नावांनी आपल्या पैशातून कपात झाली. पगारदाराच्या कपातीला फंड म्हणतात आणि तो निवृत्तीला व्याजासह हातात येतो. आपल्याही कपातीला निधीच म्हणत होते. पण त्या निधीतून म्हातारपणी दरमहा काही मिळाले असे सांगणारा एक तरी कापूस उत्पादक दाखवा! ज्वारीवाल्यांनी सत्तरच्या दशकात लेव्ही दिली. शहराला स्वस्त भाकर मिळावी म्हणून बाजारभावाच्या खाली धान्य घातले. ती कपातच होती, फक्त तिची पावती मिळाली नाही.

उत्तर कोणाच्या घरी गेले

समिती नेमली पेन्शन नसलेल्यांसाठी. तिची वही दिल्लीत पोहोचली तेव्हा अर्थखाते वेगळ्याच चिंतेत होते. सरकारी नोकरांच्या पेन्शनचा बोजा वाढत चालला होता. मग एक नंबर, वैयक्तिक खाते, गुंतवणूक करणाऱ्या संस्था ही दवे समितीची कल्पना उचलली गेली आणि ती लावली गेली पेन्शन असलेल्यांना. १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळून केंद्राच्या नव्या नोकरांना जुनी पेन्शन बंद झाली आणि नवी अंशदायी योजना सुरू झाली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून तेच केले. देखरेखीसाठी केंद्राने पेन्शन निधी प्राधिकरण नेमले. अर्थखात्यात खर्च सचिव राहिलेले धीरेंद्र स्वरूप यांच्यासारखे अधिकारी त्याच्या अध्यक्षपदी बसले. त्या प्राधिकरणाचा पूर्ण कायदा मात्र व्हायला २०१३ साल उजाडले. सेबीचीच गोष्ट पुन्हा घडली.

आणि आपण? ज्यांच्यासाठी वही उघडली होती, त्या माणसांना या योजनेचे दार उघडले १ मे २००९ रोजी. दार उघडले, पण आत जायला पैसे कुठे होते?

पुढचा इतिहास ताजा आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. १४ मार्चला सुरू झालेला संप २० मार्चला मिटला. त्याच आठवड्यात आपल्याच जिल्ह्यातून, दिंडोरीहून, कळवणचे माजी आमदार जे. पी. गावित यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी आणि आदिवासी मुंबईच्या दिशेने पायी निघाले होते. कांद्याचा भाव आणि वनजमिनी यांबरोबर वृद्धांचे मानधन वाढवा ही मागणीही त्यात होती. त्या आठवड्यात दोन्हीकडचे लोक म्हातारपणासाठी लढत होते. त्यांना काय मिळाले ते पाहा.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि लगोलग राज्याच्या मंत्रिमंडळाने तीच वाट धरली. केंद्राच्या योजनेत पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाईची वाढ आणि दहा वर्षे नोकरी झालेल्यालाही कमीत कमी दहा हजार रुपये. माजी आमदारांची पेन्शन तर पन्नास हजारांपासून सुरू होते. श्रावणबाळ योजनेतल्या म्हाताऱ्याचे मानधन २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार झाले. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचे ऐंशी वर्षांखालच्यांसाठीचे दोनशे रुपये तर २००७ पासून तसेच आहेत.

आमचे नोकरदारांशी भांडण नाही. त्यांनी लढून मिळवले. आपल्या घरातली काही पोरे नोकरीत आहेत आणि त्यांच्या पगारावर शेती तगून आहे, हेही खरे. पण सरकारी नोकराच्या म्हातारपणाचा एका तऱ्हेने हिशेब आणि पोशिंद्याच्या म्हातारपणाचा दुसऱ्या तऱ्हेने, हा न्याय नव्हे.

शेतकऱ्यांची म्हणून जी योजना आहे

सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान किसान मानधन योजना सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन, वय १८ ते ४०. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तितकेच केंद्र भरणार आणि साठीनंतर महिना तीन हजार. दवे समितीचीच ही नात म्हणा.

आता पाटी घ्या. चाळिसाव्या वर्षी जो २०१९ मध्ये आत गेला, तो साठीचा होईल २०३९ मध्ये. म्हणजे २०३९ पूर्वी या योजनेतून एकाही शेतकऱ्याला पेन्शन मिळणार नाही. २०१९ मध्ये जो ४१ वर्षांचा होता तो कायमचा बाहेर. जो १८ वर्षांचा होता, त्याला तीन हजार मिळतील २०६१ मध्ये. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर त्या वेळच्या तीन हजारांना २०१९ च्या अडीचशे-पावणेतीनशे रुपयांची किंमत राहील. नोकराच्या पेन्शनला महागाई भत्ता आहे, याला नाही.

दोन हेक्टरची अट बागायतीला ठीक असेल. नांदगाव-मालेगावच्या माळरानावर चार हेक्टरवाला हा दोन एकर बागायतवाल्यापेक्षा गरीब असू शकतो, हे दिल्लीच्या टेबलावर दिसत नाही. उतारा बापाच्या नावावर असला तर राबणारा पोरगा कागदावर शेतकरीच नाही. आणि बाई? निम्म्याहून जास्त कष्ट तिचे, उताऱ्यावर नाव नाही. म्हणून लक्ष्मीमुक्तीची चळवळ झाली होती. ज्या घरांनी तेव्हा बाईच्या नावाने जमीन केली, तिथे आज तिला निदान अर्ज तरी करता येतो.

भीक की देणे

इथे आपल्यातलेच जुने कार्यकर्ते विचारतील, 'भीक नको, घामाचे दाम हवे' म्हणणारे आपण पेन्शन का मागायची? प्रश्न रास्त आहे. उत्तरही स्पष्ट दिले पाहिजे.

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या कामापोटीचे देणे आहे, असे न्यायालयाने सांगितले. नोकरदार हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. हाच न्याय आपल्याला लावा. ज्यांचे वय आज साठी-सत्तरीचे आहे, त्यांच्या उमेदीची वर्षे लेव्हीत, एकाधिकारात, निर्यातबंदीत गेली. त्यांच्या घामाचे दाम कापून देशाने कारखाने उभारले आणि शहरे पोसली. त्यांना भाव द्यायचा तर आता ते पेरायला उभे राहू शकत नाहीत. त्यांचे थकलेले दाम परत करण्याची एकच वाट उरली आहे, दरमहा पेन्शन. ही भीक नाही, थकबाकीची परतफेड आहे.

पोरांची गोष्ट वेगळी. त्यांना भाव मिळू द्या, बाजार मोकळा ठेवा, मग दवे समितीचे खाते त्यांना खरोखर उपयोगी पडेल. भाव असेल तर कुणबी पाच काय, पन्नास रुपये टाकील. भाव नसेल तर खाते रिकामेच राहील. म्हणून म्हाताऱ्यांना पेन्शन आणि तरुणांना भाव या दोन वेगळ्या मागण्या नाहीत, एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

जगात हे कोणी केलेच नाही असेही नाही. अमेरिकेने १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा केला, तेव्हा शेतकरी बाहेर होते. १९५४ च्या दुरुस्तीने ते आत आले. जर्मनीने १९५७ मध्ये शेतकऱ्यांच्या वृद्धापकाळाचा स्वतंत्र कायदा केला आणि पेन्शन घेताना शेती पुढच्या पिढीकडे सोपवायची अट घातली. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत ग्रामीण कष्टकऱ्याला पुरुषाला साठाव्या आणि बाईला पंचावन्नाव्या वर्षी किमान वेतनाइतक्या पेन्शनचा हक्क दिला. तिथे हप्ते भरल्याची पावती नव्हे, शेतात राबल्याचा पुरावा महत्त्वाचा. आपल्याकडे केरळने १९८० मध्ये शेतमजुरांना पेन्शन सुरू केली. तेव्हा 'हे होणे नाही' असे कोणी सांगू लागला तर ऐकून घेऊ नये.

कळवणच्या बैठकीत काय करायचे

आमचे म्हणणे थोडक्यात असे. साठी ओलांडलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला, शेतकरी बाईला, वनहक्काचा प्लॉट कसणाऱ्याला आणि शेतमजुराला पेन्शन हा हक्क असावा. एकवीस हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची श्रावणबाळची अट काढावी. एकवीस हजार म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही नाहीत. तेवढ्यावर जगत असल्याचा दाखला म्हाताऱ्याने तलाठ्याकडे हात जोडून मागायचा, ही अट त्याला खोटे बोलायला लावते किंवा उपाशी ठेवते. पेन्शनची रक्कम नोकरदारांच्या किमान दहा हजारांच्या निम्मी, म्हणजे पाच हजार तरी असावी आणि महागाईबरोबर वाढावी. आणि तिच्यासाठी आमच्या पट्टीतून नवी कपात नको. बाजार समितीत खरेदीदारावर घातलेला भार शेवटी आमच्याच भावातून वजा होतो, हे आम्ही पुरेपूर पाहिले आहे. हा पैसा तिजोरीतूनच यावा.

मागणी करायची तर हातात कागद हवा. दवे समितीची ताकद तिच्या आकड्यांत होती, हे आपण तिच्याकडून शिकले पाहिजे. म्हणून प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने एका वहीत गावातल्या साठीवरच्या सगळ्या माणसांची यादी करावी. वय, जमीन कोणाच्या नावावर, काय मानधन मिळते, शेवटचे कधी मिळाले, मिळत नसेल तर तहसीलने काय कारण दिले, एवढेच लिहावे. बायांची नावे सुटू देऊ नका. पाड्यांवरची नावे सुटू देऊ नका. अर्ज पडून असेल त्याची पोच जोडा. मानधन थांबलेल्यांपैकी हयातीचा दाखला राहिला म्हणून कितींचे थांबले, तेही वेगळे मोजा.

बैठकीत या याद्या एकत्र करून तालुक्याची एक वही होईल. तहसीलदारांना देऊ, तिचीच प्रत जिल्हाधिकाऱ्यांना देऊ आणि आमदार-खासदारांच्या हातात ठेवू. त्यांना त्यांच्या पेन्शनचा आकडा सांगायची गरज नाही, तो त्यांना पाठ आहे. आपल्या म्हाताऱ्यांचा आकडा मात्र त्यांना कोणी सांगितलेला नाही. तो गावोगाव मोजून येत्या बैठकीला घेऊन या.